काळाराम ते लाँग मार्च : हरलेल्या लढ्यांचा हिशेब

नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि साडेपाच वर्षांनी, मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी न उघडताच, थांबवण्यात आला. ज्या मागणीसाठी तो उभा राहिला ती त्या काळात मान्य झाली नाही. तरीही महाराष्ट्रातल्या सामाजिक चळवळींचा इतिहास या सत्याग्रहाला वगळून सांगता येत नाही. तो थांबवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अपयशाचा जो जाहीर हिशेब मांडला, त्यातून पुढच्या कित्येक वर्षांची दिशा ठरली. चळवळी हरतात, यात नवे काही नाही. हरल्यानंतर त्या स्वतःला कोणते प्रश्न विचारतात, यावर पुढचे सारे अवलंबून असते. नाशिक जिल्ह्यात याची उदाहरणे गेल्या शतकभरात एकामागून एक घडली आहेत. मंदिरप्रवेश, भूमिहीनांचा सत्याग्रह, शेतकऱ्यांचा लाँग मार्च आणि गोदावरीच्या शुद्धीचे अजून न संपलेले आंदोलन ही त्यांतली ठळक.

काळाराम मंदिर पेशवाईच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधले. काळ्या पाषाणाचे हे मंदिर, त्याची चार दिशांची दारे आणि रामनवमीनंतर कामदा एकादशीला निघणारा रथ यांना नाशिकच्या सार्वजनिक जीवनात मोठे स्थान होते. सत्याग्रहासाठी हे मंदिर निवडण्यामागे हेच कारण होते. इथे मिळालेला होकार किंवा नकार देशभर ऐकू गेला असता.

त्याआधी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये पुण्याच्या पर्वतीवर मंदिरप्रवेशाचा प्रयत्न झाला होता. महाड आणि नाशिक यांची तुलना उद्बोधक आहे. महाडला कायद्याचा आधार होता. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, शाळा आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. महाडचे तळे नगरपालिकेचे होते आणि नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. त्यामुळे मारहाण आणि बहिष्कार सोसूनही तो वाद न्यायालयात टिकला. १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. मंदिराला असा कोणताही आधार नव्हता. मंदिर म्हणजे सार्वजनिक पाणवठा नव्हे, तिथे वहिवाट आणि पुजाऱ्यांचा हक्क चालतो, असेच त्या वेळचे सरकार आणि न्यायालये मानत असत. महाडची पद्धत नाशिकला तशीच वापरली गेली खरी, पण जमीन वेगळी होती.

नाशिकच्या सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव कृष्णाजी गायकवाड होते. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना दादासाहेब म्हणू लागला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा सत्तावीस वर्षांचा तरुण जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांना नावानिशी ओळखत होता. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि तिथून हजारोंची शिस्तबद्ध, शांत मिरवणूक मंदिराकडे निघाली. दारे बंद होती. मिरवणूक गोदाकाठी वळली, तिथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून दारांसमोर बसण्याचे ठरले. ३ मार्चला पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. चारही दारांवर सत्याग्रही बसले आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्यांची संख्या हजारांत होती. त्यांनी आत जाऊ नये म्हणून व्यवस्थापनाने मंदिरच बंद ठेवले. परिणामी सवर्ण भाविकांनाही दर्शन मिळेना. गांधीजींची दांडीयात्रा यानंतर दहा दिवसांनी, १२ मार्चला, निघाली आणि देशाचे लक्ष तिकडे गेले. देशाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाणाऱ्यांपैकी फार थोडे जण पंचवटीच्या दारात बसलेल्यांच्या शेजारी येऊन बसले. हा त्या काळाचा मोठा दोष म्हणून नोंदवायला हवा.

९ एप्रिलला रथोत्सव होता. दोन्ही बाजूंच्या निवडक तरुणांनी मिळून रथ ओढावा, असा समेट प्रशासनाच्या मध्यस्थीने झाला. ऐनवेळी तो मोडला. ठरल्या ठिकाणी अस्पृश्य तरुणांचा हात लागण्याआधीच रथ पळवून नेण्यात आला. दगडफेक सुरू झाली. पोलिसांचे कडे तोडून पुढे गेलेला कद्रेकर नावाचा तरुण रक्ताच्या थारोळ्यात पडला आणि बाबासाहेबांनाही मार बसला. शब्द देऊन तो मोडणाऱ्यांना कसलीच किंमत मोजावी लागली नाही. लेखी हमी नव्हती, साक्षीदार नव्हते आणि समेट मोडला तर पुढे काय, हेही ठरलेले नव्हते. नाशिकच्या पुढच्या आंदोलनांत हा मुद्दा पुन्हा येणार होता.

सत्याग्रहाची खरी किंमत मात्र शहरात नव्हे, खेड्यांत मोजली गेली. नाशिकच्या बातम्या गावोगाव पोचल्या तशी तिथल्या अस्पृश्यांची कोंडी सुरू झाली. त्यांच्या मुलांना शाळेतून हाकलले गेले. रस्ते बंद केले गेले, दुकानदारांनी मीठ-मिरची देणे थांबवले आणि मजुरी बंद झाली. स्टार्ट समितीने हेच दुखणे त्या सुमारास सरकारपुढे मांडले होते. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या या समितीत आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हेही सदस्य होते. गावातला गरीब माणूस पोटासाठी ज्यांच्यावर अवलंबून असतो त्यांच्याविरुद्धच त्याला उभे राहावे लागते आणि बहिष्कार हे त्याला वाकवणारे सर्वांत धारदार हत्यार ठरते, असे तिच्या अहवालाचे सार होते. दारात बसलेला सत्याग्रही तुरुंगातून सुटून घरी परतला, तर त्याच्या शेतमजुरीचा मालक तोच होता ज्याच्या देवळात त्याला जायचे होते.

आंदोलनाच्या अपयशाची चर्चा बहुधा ‘लोक कमी पडले’, ‘विरोधक क्रूर होते’, ‘सरकारने दगा दिला’ या तीन वाक्यांवर येऊन थांबते. नाशिकच्या बाबतीत ही तिन्ही वाक्ये कमीअधिक खरी होती. पण तेवढ्यावर समाधान मानले असते, तर पुढच्या रामनवमीला पुन्हा तोच सत्याग्रह, तीच दगडफेक आणि तोच बहिष्कार एवढेच हाती लागले असते. पुढची काही वर्षे थोडेबहुत तसेच झाले. आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असताना गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्याग्रह थांबवत, पुन्हा सुरू करत जिवंत ठेवला आणि तुरुंगवास सोसला.

फेरविचाराची सुरुवात १९३३ मध्ये दिसते. पुणे करारानंतर मध्यवर्ती कायदेमंडळात मंदिरप्रवेशाची विधेयके आली तेव्हा आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा नाकारला. अस्पृश्यता हे पाप आहे असे विधेयक म्हणत नाही, ते बहुमताच्या मर्जीवर दार उघडू पाहते, अशी त्यांची हरकत होती. शिक्षण, नोकऱ्या आणि उपजीविकेची चांगली साधने यांनी अस्पृश्यांची स्थिती पालटेल, देवळातल्या दर्शनाने नव्हे, असेही त्यांनी बजावले. मार्च १९३४ मध्ये त्यांनी गायकवाडांना लिहिलेले पत्र या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. सत्याग्रह पुढे चालवावा का, असा प्रश्न नाशिकहून आला होता. उत्तराचा आशय असा होता : अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून ही चळवळ सुरू केली नव्हती. आपली स्थिती काय आहे याची जाणीव त्यांच्यात जागी व्हावी, त्यांनी हालचाल करावी, यासाठी तो सर्वांत चांगला मार्ग होता. ते काम झाले आहे. आता शक्ती राजकारण आणि शिक्षण यांकडे वळवावी.

हे पत्र म्हणजे अपयशावर घातलेले पांघरूण आहे, अशी शंका घेणे सोपे आहे. पण त्यात मागणी आणि हेतू यांच्यात केलेला फरक लक्षात घेतला पाहिजे. मंदिरप्रवेश ही मागणी होती. माणूस म्हणून उभे राहणे हा हेतू होता. मागणी फसली तरी हेतू कितपत साधला हे वेगळे मोजता येते आणि हेतूसाठी मागणी बदलताही येते. ज्या चळवळीत या दोन गोष्टी एकच मानल्या जातात, तिथे मागणी फसली की माणसेही खचतात किंवा मग फसलेल्या मागणीला प्रतिष्ठेपायी वर्षानुवर्षे कवटाळून बसतात.

हिशेबाचा शेवटचा भाग नाशिक जिल्ह्यातच, येवल्यात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी मांडला गेला. परिषदेला सुमारे दहा हजार लोक होते. पाच वर्षांत किती कष्ट, किती पैसा आणि किती त्याग खर्ची पडला, आणि त्याच्या बदल्यात काय मिळाले, याचा आढावा बाबासाहेबांनी लोकांसमोरच घेतला. बंद खोलीत नाही, निवडक पुढाऱ्यांच्या बैठकीत नाही. ज्यांनी मार खाल्ला होता तेच समोर बसलेले होते. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा याच सभेत झाली आणि मंदिरप्रवेशाचे सत्याग्रह थांबवण्याचा निर्णयही इथलाच. त्या घोषणेची पूर्ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झाली. येवल्याची ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते.

मंदिराचे दार पुढे उघडले, पण वेगळ्या वाटेने. १ मे १९४७ पासून साने गुरुजींनी पंढरपूरला केलेले उपोषण आणि त्याच वर्षीचा मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा यांनी ते काम केले. तोवर नाशिकच्या चळवळीची वाट बदलली होती. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ च्या निवडणुकीत गायकवाड मुंबई कायदेमंडळात निवडून गेले. खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, रद्द करण्याचे विधेयक पक्षाने मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून आले. देवळाच्या दारातून कायदेमंडळाच्या दारात, आणि दर्शनाच्या हक्कातून जमिनीच्या हक्कात, असे हे स्थलांतर अवघ्या आठ वर्षांत झाले.

जमिनीकडे वळण्यामागे गावातल्या बहिष्काराचा अनुभव होता. स्वतःची जमीन नसलेल्या माणसाला गावात वाकवणे सोपे जाते, हे नाशिकच्या खेड्यांनी दाखवून दिले होते. स्वातंत्र्यानंतर दादासाहेब गायकवाडांनी आपली बहुतेक शक्ती याच प्रश्नावर लावली. १९५३ मध्ये मराठवाड्यात, १९५९ मध्ये मराठवाड्याबरोबर खानदेश आणि इतर भागांत, आणि डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गावची गायराने आणि सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना कसायला द्यावी, ही मुख्य मागणी होती. १९६४–६५ च्या सत्याग्रहात लाखांवर लोकांनी अटक करून घेतली. त्यात दलितांबरोबर इतर जातींचे भूमिहीनही होते, ही या लढ्याची विशेष गोष्ट. काळारामच्या दारात अस्पृश्य एकटे पडले होते. इथे मागणीच अशी होती की गावातला दुसरा गरीबही तिच्यात सामील होऊ शकला. गायरानावरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात पुढे निघाले, त्यामागे याच लढ्यांचा रेटा होता.

मात्र याच चळवळीने एका दुसऱ्या अपयशापासून धडा घेतला नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोन वर्षांतच फुटू लागला. ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ अशा नावांनी त्याचे गट ओळखले जाऊ लागले. जमिनीसारखा आर्थिक प्रश्न हाती घ्यायचा की घटनात्मक राजकारणाला चिकटून राहायचे, असा मूळ मतभेद होता आणि तो महत्त्वाचा होता. पण येवल्यासारखी उघड चर्चा त्यावर झाली नाही. भांडण माणसांवर आले. दादासाहेबांचे २९ डिसेंबर १९७१ रोजी निधन झाले, तोवर भूमी सत्याग्रहात एकत्र आलेली ताकद विखुरली होती. इतका मोठा लढा देशभर उभा करणारे संघटन इतक्या लवकर विस्कळीत व्हावे, ही महाराष्ट्राच्या लोकचळवळींतल्या सर्वांत दुःखद घटनांपैकी एक आहे. तिचा अभ्यास काळारामइतका झालेला नाही.

शब्द मोडला गेल्याचा १९३० मधला अनुभव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला २०१७ साली नव्या रूपात आला. १ जून २०१७ रोजी नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध आणि भाजीपाला शहरांकडे पाठवायचा नाही, असा निर्धार होता आणि नाशिक जिल्हा संपाचे मोठे केंद्र बनला. दोनच दिवसांत, २ जूनच्या मध्यरात्रीनंतर, मुंबईत काही निवडक प्रतिनिधींशी सरकारची बोलणी झाली आणि पहाटे संप मागे घेतल्याचे जाहीर झाले. गावांतून संतापाची लाट उठली. ज्यांनी दूध ओतून दिले होते त्यांना बोलण्यांत काय झाले हे माहीत नव्हते. मान्य झालेल्या गोष्टींची नेमकी कलमे कोणाच्या हातात नव्हती. संप चालूच राहिला. काही दिवसांत नाशिकला राज्यातल्या अनेक संघटनांची बैठक होऊन सुकाणू समिती नेमली गेली आणि यापुढची बोलणी या समितीनेच करायची असे ठरले. सरकारने ११ जूनला कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली आणि महिनाअखेरीस सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर झाली.

तीन दिवसांत एक आंदोलन फसले आणि पुढच्या आठ दिवसांत त्याने आपली रचना बदलून मागणी मान्य करून घेतली. अपयशातून शिकण्याचा इतका जलद नमुना क्वचित आढळतो. धडा साधा होता : बोलणी कोण करणार हे आधी ठरवा, मध्यरात्री एकट्यादुकट्याने सह्या करू नका आणि जे मिळाले ते कागदावर घ्या.

हा धडा मार्च २०१८ च्या लाँग मार्चमध्ये उतरला. किसान सभेच्या नेतृत्वाखाली ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून हजारो शेतकरी निघाले. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, त्र्यंबक या तालुक्यांतले आदिवासी त्यात बहुसंख्य होते. कसारा घाट उतरून सुमारे १८० किलोमीटर चालत ते मुंबईत पोचले. ११ मार्चला मुक्काम शीवच्या सोमैया मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून दिवसभर चाललेली ही माणसे रात्रीच उठून पुन्हा चालू लागली आणि उजाडण्याआधी आझाद मैदानात दाखल झाली. मुंबईकरांनी पाणी, जेवण, चपला, औषधे घेऊन त्यांचे स्वागत केले. संपाच्या काळात शहर आणि शेतकरी समोरासमोर उभे होते. नऊ महिन्यांनी शहर शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले आणि ते विधिमंडळाच्या पटलावर ठेवले जावे, हा आग्रहही मान्य झाला.

तरीही प्रश्न सुटला नाही. या मोर्च्यातली आदिवासींची मुख्य मागणी वनहक्क कायद्याची होती. २००६ च्या या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्यातली, जास्तीत जास्त चार हेक्टर जमीन मिळते. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे. नियमांनुसार गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो. प्रत्यक्षात मात्र कागदाअभावी दावे फेटाळले गेले किंवा कसत असलेल्या जमिनीपेक्षा कितीतरी कमी क्षेत्र मंजूर झाले. लेखी आश्वासनाने यातली एकही फाइल आपोआप पुढे सरकत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकहून पुन्हा मोर्चा निघाला. त्याच महिन्यात, १३ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता आणि देशभर विरोध झाल्यावर २८ तारखेला त्याला स्थगिती दिली. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसरा मोर्चा निघाला तेव्हा कार्यकर्ते आणखी एक पाऊल पुढे गेले होते. सभागृहात घोषणा झाल्यावरही ते वाशिंदला मुक्काम ठोकून बसले आणि अंमलबजावणीचे आदेश निघेपर्यंत उठायचे नाही, असे त्यांनी ठरवले. तोंडी समेट, लेखी आश्वासन, सभागृहाचे पटल, सरकारी आदेश अशी एकेक पायरी चढत नाशिकचे शेतकरी इथवर आले होते.

वनहक्कांच्या बाबतीत दुसरी वाट गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने दाखवली. या गावाने वैयक्तिक पट्ट्यांऐवजी सामूहिक वनहक्कावर भर दिला आणि २००९ मध्ये तो मिळवला. तिथे ग्रामसभा जंगल राखते आणि बांबूही विकते. पश्चिम नाशिकच्या डोंगराळ तालुक्यांत जंगल तुटक आहे आणि शेतीचा ताबा हाच जगण्याचा आधार आहे, त्यामुळे तिथली मागणी वैयक्तिक पट्ट्यांची राहिली, हे समजण्यासारखे आहे. पण चार हेक्टरांचा पट्टा कुटुंबापुरता असतो. गावाचे पाणी आणि माती ज्या जंगलावर टिकते त्याची राखण त्याने होत नाही. या अंगाने नाशिकच्या चळवळीत पुरेसा विचार व्हायचा आहे.

मागणी आणि हेतू यांच्यातला फरक जिल्ह्याबाहेरच्या एका हरलेल्या लढ्यालाही लावून पाहता येतो. नाशिक महसूल विभागाच्या उत्तर टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, नर्मदेवरच्या सरदार सरोवराखाली महाराष्ट्रातली ३३ गावे गेली. नर्मदा बचाव आंदोलन धरण थांबवू शकले नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने बांधकामाला परवानगी दिली आणि पुढे धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीला पोचले. मागणी आणि हेतू वेगवेगळे मोजायचे म्हटले, तर चित्र असे दिसते : जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीच्या अहवालानंतर १९९३ मध्ये ती बँक प्रकल्पातून बाहेर पडली, त्याच वर्षी बँकेला बाधितांच्या तक्रारी ऐकणारे स्वतंत्र तपासणी मंडळ नेमावे लागले, बुडणाऱ्या डोंगरांत मुलांसाठी जीवनशाळा उभ्या राहिल्या आणि जमिनीच्या बदल्यात जमीन हा विचार पुनर्वसनाच्या चर्चेत पक्का रुजला. ही कमाई मोठी आहे. पण बुडालेल्या गावाच्या दृष्टीने धरण थांबले नाही हेच सत्य आहे आणि कमाईची यादी वाचताना ते विसरणे अन्यायाचे होईल.

गोदावरीचे आंदोलन या सर्वांपेक्षा वेगळ्या अडचणीत आहे. इथे समोर शत्रू दिसत नाही. नदी घाण व्हावी असे कोणीच म्हणत नाही. महापालिका, सरकार, साधू-महंत, कारखानदार आणि नागरिक सगळेच गोदाप्रेमी आहेत, आणि नदी तरीही मैली आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावून नाशकात येईतो तिला त्र्यंबकचे सांडपाणी मिळालेले असते. शहरात नासर्डी आणि वाघाडी या उपनद्या आपापल्या भागातले नाले घेऊन तिला मिळतात. त्यातली नासर्डी सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूने येते. गंगापूर धरणातून आवर्तन नसेल तेव्हा पात्रात वाहते ते बरेचसे सांडपाणीच असते. उन्हाळ्यात पानवेली पसरतात, त्या या सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर वाढतात.

सुरुवातीच्या काळात नदी वाचवण्याचे बहुतेक प्रयत्न घाटावर झाले. निर्माल्य गोळा करणे, कपडे धुण्यास विरोध करणे, विसर्जनाऐवजी मूर्तिदान करायला सांगणे अशा या मोहिमा होत्या. ‘देव द्या, देवपण घ्या’ ही मूर्तिदानाची मोहीम याच धर्तीची आणि ती लोकांनी मनापासून स्वीकारली. या कामाचे मोल कमी नाही, कारण त्यामुळे हजारो लोक नदीशी जोडले गेले. पण नदीतला मुख्य भार निर्माल्याचा नव्हे, मलजलाचा आहे. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खर्च होतो हे बीओडी या मापाने मोजतात आणि आंघोळीच्या पाण्यासाठी ते लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. घाट कितीही झाडला तरी नाला वळवून त्याचे पाणी नीट शुद्ध केल्याशिवाय हा आकडा उतरत नाही. दिसणाऱ्या घाणीमागे न दिसणारी घाण लपली आणि काही वर्षे दिसणारी घाण काढण्यातच गेली.

मग आंदोलन न्यायालयात गेले. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने नागपूरच्या निरी या संस्थेकडून उपाय मागवले आणि महापालिकेसह निरनिराळ्या यंत्रणांवर जबाबदाऱ्या टाकल्या. २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या सुमारास रामकुंड परिसरातल्या जुन्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट घातले गेले होते. त्यामुळे तळातले जिवंत झरे बुजले, असा नदीप्रेमींचा आक्षेप होता. त्याविरुद्धही याचिका झाली आणि स्मार्ट सिटीच्या कामात ते काँक्रीट काढायला सुरुवात झाली. त्र्यंबकेश्वरी स्लॅबखाली झाकलेल्या पात्राचा वाद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला.

याचिकांचे यश खरे आहे, पण ते टिकवणे कठीण आहे. आदेश निघतो तेव्हा बातमी होते. तो पाळला जात नाही तेव्हा होत नाही. अधिकारी बदलतात, अनुपालनाचे अहवाल सादर होतात आणि याचिकाकर्ते मोजकेच असल्याने पाठपुरावाही मोजक्या खांद्यांवर येतो. काळारामच्या दारात हजारो माणसे होती पण कायदा नव्हता. गोदावरीपाशी कायदा आहे पण रोज दारात बसणारी माणसे नाहीत. शिवाय दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो आणि घाट, रस्ते, पूल, साधुग्राम अशा बांधकामांची घाई घेऊन येतो. कुंडांतले काँक्रीट अशाच घाईत पडले होते.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. २०१२ पासून न्यायालयाने आणि हरित लवादाने दिलेले आदेश कोणते, त्यांतले किती पाळले गेले, किती अर्धवट राहिले आणि त्यांची जबाबदारी कोणत्या खात्याकडे आहे, याची साध्या मराठीतली यादी नदीसाठी झटणाऱ्या संघटनांनी एकत्र बसून तयार करावी. प्रत्येक मलनिस्सारण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी दरमहा जाहीर करण्याची मागणी तिला जोडावी. आणि ती यादी येवल्यात झाले तसे, भर सभेत, नाशिककरांसमोर वाचून दाखवावी.